अंगापेक्षा तलवार मोठी: लार्ज कॅरेक्टरसाठी कोणतं रूलबुक बरं?

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या टेबलटॉप रोलप्लेइंग खेळात टेबलावर एक तरी खेळाडू असा असतोच, ज्याला आपल्या उंचीएवढी तलवार हवी असते. त्यात त्याचं चुकतंय असं मला वाटत नाही. एवढा धिप्पाड हाफ-जायंट बनवायचा आणि हातात सुरी द्यायची, यात मजा ती काय! पंचाईत होते ती डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची. ती तलवार डॅमेज किती करणार, वजन किती, मिळणार कुठे? आणि मरून पडलेल्या ओगर नावाच्या राक्षसाचा सोटा उचलून हा प्राणी "हा आता माझा" म्हणाला, तर?

आमच्या गटात मोठ्या अंगाच्या कॅरेक्टरांचं भलतंच प्रस्थ आहे आणि डीएमची खुर्ची बहुतेक वेळा माझ्याकडे असते. त्यामुळे डंजन्स अँड ड्रॅगन्सची ३.५ ही २००३ ची आवृत्ती, त्याच खेळाची पाचवी आवृत्ती (२०१४ ची, आणि २०२४ ची सुधारलेली) आणि पाथफाइंडरची २०१९ ची दुसरी आवृत्ती, ही तिन्ही रूलबुकं मी या एकाच गोष्टीसाठी उलथीपालथी केली आहेत. क्लास किती, चित्रं कशी, छपाई कशी, यातलं काहीही या रिव्ह्यूत नाही. फक्त मोठी शस्त्रं आणि मोठं चिलखत.

माझी कसोटी आधीच सांगते, म्हणजे नंतर भांडण नको. डॅमेजचे डाइस (फासे) वाढवून देणं कोणालाही जमतं. मी रूलबुकात पाहते ते तलवार चालत नसतानाचे नियम: लूट वाटताना काय होतं, लोहाराकडे काय होतं, पाच फुटांच्या बोळात काय होतं, ओझं मोजताना काय होतं. लढाई दर सेशनला तासभर चालते, बाकीचा वेळ ती तलवार पाठीवरच असते.

तर आधी ३.५.

याच्या आधीच्या, म्हणजे २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत साइझ (स्मॉल, मीडियम, लार्ज, ह्यूज, गार्गँच्युअन अशा चढत्या पायऱ्या; माणूस मीडियम, ओगर लार्ज) शस्त्रालाच चिकटलेला होता. शॉर्टस्वर्ड स्मॉल, लाँगस्वर्ड मीडियम, ग्रेटस्वर्ड लार्ज. आपल्या साइझचं शस्त्र एका हातात, एक पायरी मोठं असेल तर दोन हातांत, विषय संपला. ३.५ ने हे सगळं मोडून नव्याने बांधलं. आता प्रत्येक शस्त्र कोणाच्या तरी मापाचं असतं: मीडियम लाँगस्वर्ड, लार्ज लाँगस्वर्ड. आपल्या मापाचं नसेल तर फरकाच्या दर पायरीला अटॅक रोलवर (वार लागतो का हे ठरवणाऱ्या वीस बाजूंच्या फाशावर) -२, शिवाय धरण्याची पद्धतही एक पायरी सरकते. लार्जसाठी एकहाती असलेली तलवार मीडियम माणसाला दोन हातांनी धरावी लागते, आणि लार्जची दोनहाती तलवार त्याला धरताच येत नाही.

यावर तेव्हाही लोक चिडले होते आणि अजून चिडतात, कारण निकाल विचित्र लागतो. ओगरची लाँगस्वर्ड माणसाने दोन हातांत घेतली की डॅमेज २डी६ (सहा बाजूंच्या दोन फाशांची बेरीज). म्हणजे नेमका मीडियम ग्रेटस्वर्डचाच डॅमेज, वर -२ चा भुर्दंड. मग ती घ्यायची कशाला? माझं मत उलटं आहे. घेऊ नये म्हणूनच तर तो नियम आहे. ओगरच्या पंजासाठी केलेली मूठ माणसाच्या बोटांत मावणार नाही, तोल भलतीकडे असणार. पात्याची लांबी ग्रेटस्वर्डएवढी आहे म्हणून ती काही ग्रेटस्वर्ड होत नाही. जुना नियम सुटसुटीत होता हे मान्य, पण त्यात मूठ नावाची गोष्टच नव्हती.

डाइस वाढण्याचा तक्ता मात्र तोंडपाठ करावा लागतो. १डी६ चा १डी८ होतो, १डी८ चा २डी६, १डी१० चा २डी८, १डी१२ चा ३डी६ आणि २डी६ चाही ३डी६. शेवटचे दोन पुन्हा बघा. मीडियम साइझला ग्रेटअ‍ॅक्स आणि ग्रेटस्वर्ड यांच्या सरासरीत अर्ध्याचा फरक असतो, ६.५ आणि ७. लार्ज झाले की दोघेही ३डी६, सरासरी १०.५. म्हणजे मोठ्या अंगाच्या कॅरेक्टरसाठी दोन्ही सरासरीत बरोबरीच्या: कुऱ्हाडीचा क्रिटिकल (मोठा रोल आल्यावरचा वाढीव वार) तिप्पट पण फक्त २० वर, तलवारीचा दुप्पट पण १९ आणि २० वर. यावर वाद घालायचाच तर ही रेंज मोजून घालावा.

आता मंकी ग्रिप. एक पायरी मोठं शस्त्र, धरण्याची पद्धत न बदलता वापरू देणारी ही फीट (लेव्हल वाढताना निवडायची खास क्षमता) नवीन खेळाडू डोळे झाकून घेतात. पुन्हा -२ आहेच. गणित करून बघा. तुमची ताकद २२ आहे, दोन हातांनी धरल्यावर डॅमेजवर +९ मिळतात, आणि वीसपैकी अकरा रोल लागतात असं धरू, म्हणजे ५५ टक्के. नेहमीची ग्रेटस्वर्ड सरासरी १६ मारते, तर दर वाराला ८.८ पदरात पडतात. मोठी तलवार सरासरी १९.५ मारते, पण आता फक्त ४५ टक्के वार लागतात, म्हणजे ८.७८. क्रिटिकल बाजूला ठेवले तर फीट खर्च करून तुम्ही होता तिथेच आहात. शत्रूचं चिलखत आणखी भारी असलं तर तोटाच. आमच्या गटात ही फीट घेतलेल्या खेळाडूला मी हा हिशेब मांडून दाखवला. तो म्हणाला, "असू दे गं, दिसते भारी." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि नियमांकडेही नाही.

त्यापेक्षा 'पॉवरफुल बिल्ड' हा सौदा खरा. हाफ-जायंट आणि गोलायथ या दोन जातींना तो मिळतो. अंगाने मीडियम, पण लार्ज मापाची शस्त्रं दंडाशिवाय चालतात. वरचाच हिशेब -२ न धरता केला तर ८.८ चे १०.७ होतात. आणि चिलखत? ते मीडियमच घालायचं, बाजारात मिळतं तेच. जागाही पाच फुटांचीच लागते. याची किंमत म्हणून एक लेव्हल मागे राहावं लागतं, तेवढं वाजवी आहे.

आमच्याकडचा हाफ-जायंट म्हणजे डोंगऱ्या. त्याच्या निमित्ताने ३.५ चं खरं दुखणं कळलं, आणि ते डाइसच्या तक्त्यात नाही, लुटीच्या तक्त्यात आहे. नियम असा: योगायोगाने सापडलेलं जादुई शस्त्र किंवा चिलखत शंभरावर रोल करून १ ते ३० आलं तर स्मॉल, ३१ ते ९० आलं तर मीडियम, आणि उरलेल्या दहात बाकीचे सगळे साइझ. त्या दहात टायनी आहे, ह्यूज आहे, आणि बिचारं लार्जही आहे. प्रत्यक्ष टेबलावर हे असं दिसतं: मकबरा फोडला, ड्रॅगनसारखा कोणी मारला, पेटी उघडली, जळत्या पात्याची तलवार निघाली. सगळ्यांच्या माना डोंगऱ्याकडे वळतात. मी फासा टाकते. मीडियम. डोंगऱ्या ती वापरू शकतो, अडत काहीच नाही, पण मग त्याच्या जातीचा सगळा मोठेपणा पाठीवरच्या साध्या लार्ज तलवारीबरोबर म्यानात जातो. ती तलवार फायटरला मिळते. पुढच्या पेटीतही तेच. काही सेशननंतर खेळाडू लूट निघाली की मोबाइल बघायला लागतो.

पुस्तकाच्या मते यावर उपाय म्हणजे पैसे देऊन करून घ्या. इथे एक गंमत आहे. लार्ज शस्त्राची मूळ किंमत दुप्पट, म्हणजे ग्रेटस्वर्ड ५० ऐवजी १०० सोन्याची नाणी. पण मास्टरवर्कचे (उत्तम कारागिरीचे) ३०० आणि +१ जादूचे २००० तेवढेच राहतात. म्हणजे २३५० च्या जागी २४००. पाचव्या-सहाव्या लेव्हलच्या कॅरेक्टरसाठी हा फरक म्हणजे धर्मशाळेतलं एक रात्रीचं भाडं. दुप्पट किंमत ही नावाचीच. अडचण पैशाची नाहीच, करून देणारा भेटण्याची आहे. कॅम्पेन जंगलात किंवा जमिनीखाली चालू असेल तर भेटतच नाही.

चिलखताचं मात्र दुखतं. डोंगऱ्या मीडियम म्हणून सुटला; पण कॅरेक्टर खरोखर लार्ज असेल तर फुल प्लेट १५०० ऐवजी ३००० नाणी आणि ५० ऐवजी १०० पाउंड. ह्यूज असेल तर किंमत चौपट, वजन पाचपट. माणसासारखी ठेवण नसेल तर किंमत पुन्हा दुप्पट, म्हणजे लार्जला मूळच्या चौपट. सेंटॉर घ्या. वरून माणूस, खालून घोडा, त्याला कोणत्या रकान्यात बसवायचं? मी अर्धं वर, अर्धं खाली असा सोक्षमोक्ष लावते: धडाचं लार्ज माणसाच्या भावाने, पाठीचं घोड्याच्या. पुस्तक इथे गप्प आहे. आणि एवढे पैसे मोजून आर्मर बोनस तेवढाच! लार्ज असण्याचा -१ एसीवर (वार लागण्यासाठी शत्रूला गाठावा लागणाऱ्या आकड्यावर) बसतो तो वेगळाच. दुसऱ्याचं हाती लागलेलं फुल प्लेट आपल्या अंगावर बसवून घ्यायचं तर २डी४ गुणिले १०० नाणी, म्हणजे २०० ते ८००. हा नियम मला फार आवडतो. तो वाचला की मेलेल्या शत्रूचं चिलखत खेचून लगेच चढवणाऱ्या मंडळींची तोंडं बघण्यासारखी होतात.

वजनाबद्दल एक आडवळण घेते. ३.५ म्हणतं, लार्ज शस्त्र दुप्पट वजनाचं. ८ पाउंडांची ग्रेटस्वर्ड १६ ची झाली. त्याच पुस्तकातला एन्लार्ज पर्सन हा स्पेल म्हणतो, उंची दुप्पट, वजन आठपट, आणि अंगावरचं सामानही त्याच प्रमाणात वाढतं. तर मग तीच तलवार स्पेलखाली ६४ पाउंड आणि दुकानात १६? भूमितीच्या दृष्टीने स्पेल बरोबर आहे. लांबी, रुंदी, जाडी तिन्ही दुप्पट झाल्या की आकारमान आठपटच होणार. पण वजन उचलण्याची ताकद लार्ज झाल्यावर फक्त दुप्पट होते. १८ ताकदीच्या लार्ज कॅरेक्टरला ६४ ची तलवार आणि ४०० चं फुल प्लेट दिलं, तर तो थेट हेवी लोडमध्ये जाऊन बसेल. म्हणून तक्ता धादांत खोटं बोलतो, आणि बोलू द्यावं. तसंही ८ पाउंड म्हणजे साडेतीन किलोच्या वर. खऱ्या लढाईतल्या दोनहाती तलवारी साधारण दोन ते साडेतीन किलोच्या असत, म्हणजे मूळ आकडाच थोडा फुगलेला आहे.

एन्लार्जबद्दल आणखी एक बाब, जी दर वेळी वाचून दाखवावी लागते: वस्तू हातातून सुटली की लगेच मूळ साइझवर येते. त्यामुळे फेकलेला भाला नेहमीचाच डॅमेज करतो; सोडलेला बाण मात्र धनुष्याच्या साइझप्रमाणे करतो. कोणी तलवार डिसआर्म केली तर जमिनीवर पडेपर्यंत ती पुन्हा लहान. आणि दहा फुटांच्या जागेचा प्राणी पाच फुटांच्या बोळात शिरला, तर चालणं निम्मं, अटॅकवर -४, एसीवर -४. मोठं होण्याची हौस असलेल्यांना मी आधी नकाशा दाखवते.

थोडक्यात ३.५ ला सगळं माहीत आहे, पण ते सगळं तुमच्याच डोक्यावर लादतं. लुटीचा तक्ता सोडला तर मला त्यात फारशी खोट काढता येत नाही.

पाचव्या आवृत्तीकडे येते तेव्हा मला आपण चुकीचं पुस्तक उघडलं की काय असं वाटतं. २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकात मोठ्या शस्त्रांबद्दल जवळपास काही नाही. हेवी शस्त्र स्मॉल कॅरेक्टरला डिसअ‍ॅडव्हांटेज देतं (दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा), एवढंच. गोलायथचा पॉवरफुल बिल्ड या आवृत्तीतही आहे, पण तो फक्त ओझं उचलणं, ढकलणं, ओढणं यासाठी. १८ ताकदीचा गोलायथ २७० ऐवजी ५४० पाउंड वाहून नेईल, पण तलवार मात्र चारचौघांसारखीच. अंगाने मोठा आणि कामाने हमाल. २०२४ च्या आवृत्तीत त्याला पाचव्या लेव्हलला दहा मिनिटांसाठी खरोखर लार्ज होता येतं. वेग दहा फुटांनी वाढतो, ताकदीच्या चेकवर अ‍ॅडव्हांटेज मिळतो (दोन फाशांतला मोठा आकडा). शस्त्राच्या डाइसला कोणी हात लावलेला नाही. एन्लार्ज स्पेलने १डी४ जादा मिळतो, रून नाइट या फायटरच्या उपप्रकाराला मोठं झाल्यावर दर टर्नला एकदा १डी६. बस.

मग ओगरचा सोटा? त्याचा नियम आहे, पण २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात, राक्षस कसे तयार करायचे त्या भागात पुरून ठेवलेला. लार्ज प्राण्याच्या शस्त्राचे डाइस दुप्पट, ह्यूजचे तिप्पट, गार्गँच्युअनचे चौपट. म्हणूनच ओगरचा सोटा २डी८ आणि फायर जायंटची ग्रेटस्वर्ड ६डी६. आणि त्याच्याच शेजारी: आपल्यापेक्षा मोठ्याच्या मापाचं शस्त्र वापरलं तर डिसअ‍ॅडव्हांटेज, दोन किंवा जास्त पायऱ्या मोठं असेल तर डीएमने हवं तर वापरूच देऊ नये.

वाचायला हे चोख वाटतं, पण बार्बेरियनने (रागाच्या भरात लढणाऱ्या क्लासने) दुसऱ्या लेव्हलला रेकलेस अटॅक मिळवला की याचा फुगा फुटतो. रेकलेस म्हणजे अ‍ॅडव्हांटेज, आणि अ‍ॅडव्हांटेज-डिसअ‍ॅडव्हांटेज एकमेकांना खाऊन टाकतात. हिशेब: ताकदीचे +४, वार लागण्याची शक्यता ५५ टक्के. साधी ग्रेटस्वर्ड रेकलेस फिरवली तर जवळपास ८० टक्के वार लागतात, सरासरी ११, म्हणजे ८.८ च्या आसपास. लार्ज ग्रेटस्वर्ड रेकलेस फिरवली तर ५५ टक्केच, पण डॅमेज ४डी६ अधिक ४, सरासरी १८, म्हणजे ९.९. वर क्रिटिकलला डाइस दुप्पट होतात, म्हणजे ८डी६. राग आल्यावरचे जादा पॉइंट घातले की फरक कमी होतो, कारण ते दर लागलेल्या वारावर मिळतात. पण रेकलेस नसलेला फायटर हीच तलवार घेऊन बसला तर त्याचे वार ३० टक्क्यांवर येतात आणि सरासरी साडेपाचच्या खाली जाते, जी साध्या तलवारीला सहाच्या वर असते. नियम एकच; एकाला चालतो, दुसऱ्याला बुडवतो. बरं, तो मुळात खेळाडूंसाठी लिहिलेलाच नाही, त्यामुळे त्याला दोष तरी काय देणार.

चिलखताचा भाग याहून हास्यास्पद. घोड्याच्या चिलखताचा भाव पुस्तकात आहे: माणसाच्या चौपट किंमत, दुप्पट वजन. प्लेट असेल तर ६००० नाणी आणि १३० पाउंड. पण लार्ज माणसाच्या चिलखताचा भाव नाही! तुमचा घोडा चिलखत विकत घेऊ शकतो, तुमचा मित्र झालेला ओगर नाही. चिलखत दुसऱ्याच्या मापाचं करून घ्यायचं तर १डी४ गुणिले दहा टक्के, म्हणजे मूळ किमतीच्या १० ते ४० टक्के, असा एक ऐच्छिक नियम आहे. तो बरा आहे, मी वापरते. अंगावर घालायच्या जादुई वस्तू बहुतेक आपोआप मापात येतात असं म्हणून लुटीचा प्रश्न या आवृत्तीने सोडवला, की टाळला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. डोंगऱ्यासारख्याचा खेळाडू मात्र इथे जास्त खूश असतो, हे नाकारून चालणार नाही. पेटीतून निघालेली तलवार त्याची होऊ शकते.

आता पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती. इथे लेखकांनी खेळाडूंच्या सगळ्या पळवाटा आधीच पाहून ठेवल्यासारख्या वाटतात, आणि मला त्यांचा हा खवटपणा मनापासून आवडतो. नियम दोन-तीन वाक्यांत बसतो. स्मॉल किंवा मीडियम माणूस लार्ज शस्त्र उचलू शकतो. तो क्लम्झी १ होतो, म्हणजे गबाळेपणाचा -१ दंड लागतो. आणि मोठ्या आकाराचा फायदा ते फिरवण्याच्या अवघडपणात वाहून जातो, म्हणून जादा डॅमेज काही नाही. लार्ज चिलखत अंगात घालताच येत नाही. झालं. ओगरचा सोटा उचलायला माझी ना नाही, पण त्यातून मिळणार काहीच नाही. डाइसचा तक्ता नाही, टक्केवारी नाही, रेकलेसची पळवाट नाही.

"मग मोठी तलवार हवी असणाऱ्याने काय करायचं?" त्याने जायंट इन्स्टिंक्ट या उपप्रकाराचा बार्बेरियन खेळायचा. लार्ज शस्त्र वापरलं की रागातला जादा डॅमेज २ ऐवजी ६. पहिल्या लेव्हलला ग्रेटस्वर्डचे १डी१२ अधिक ताकदीचे ४ अधिक ६, सरासरी १६.५, साधी तलवार असती तर १२.५. ड्रॅगन इन्स्टिंक्टवाल्यालाही ४ च मिळतात. बदल्यात क्लम्झी १ कायम, आणि पुस्तक स्पष्ट सांगतं की ते शस्त्र हातात असेपर्यंत हा क्लम्झी कोणत्याही मार्गाने काढता येणार नाही, दुर्लक्षही करता येणार नाही. एसी आणि रिफ्लेक्स सेव्ह (चपळाईने बचावण्याचा रोल) दोन्ही एकने कमी. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण या खेळात एसीपेक्षा दहाने जास्त आलं की क्रिटिकल, त्यामुळे एक एसी गेला की लागणारे वारही वाढतात आणि त्यातले दुप्पट बसणारेही. २०१९ च्या नियमांत रागाचाच आणखी -१ एसीवर होता, तो २०२४ च्या सुधारणेत गेला. तेव्हाच्या जायंट बार्बेरियनची हिट पॉइंटची पाटी हीलरच्या डोळ्यांसमोरून हलत नसे.

ओझ्याचंही तसंच नेटकं. लार्ज वस्तूची किंमत दुप्पट, बल्क (ओझं मोजायचं एकक) दुप्पट. ह्यूजला दोन्ही चौपट, गार्गँच्युअनला आठपट. लार्ज ग्रेटस्वर्ड ४ नाणी आणि ४ बल्क. मीडियम बार्बेरियनची मर्यादा ५ अधिक ताकदीचे ४, म्हणजे ९. तलवारीचे ४, ब्रेस्टप्लेटचे २, उरले ३. दोरी, मशाली, औषधाच्या बाटल्या, तंबू यांत ते बघता बघता संपतात आणि कॅरेक्टर एन्कंबर्ड होतं. एन्कंबर्ड म्हणजे पुन्हा क्लम्झी १ आणि वेग दहा फुटांनी कमी. पण क्लम्झीची बेरीज होत नाही, मोठा आकडा तेवढा धरायचा. म्हणजे जायंट बार्बेरियन आधीच क्लम्झी असल्यामुळे लढाईत त्याला ओझ्याचा फटका फक्त वेगात बसतो. आमच्या टेबलावरच्या एका महाभागाने हे शोधून काढलं आणि अख्ख्या पार्टीचे तंबू त्याच्या पाठीवर गेले. मी मुकाट चालू दिलं.

कॅरेक्टर मुळातच लार्ज असेल तर तो उचलूही दुप्पट शकतो, त्यामुळे त्याच्या मापाचं सामान त्याला माणसाला माणसाचं वाटावं तेवढंच जड पडतं. ३.५ चं आठपट-दुप्पट प्रकरण इथे उद्भवतच नाही. एन्लार्ज स्पेलसुद्धा आवरून ठेवलेला: क्लम्झी १, पोच पाच फुटांनी जास्त, डॅमेजवर +२.

पण माझ्या लेखी हे पुस्तक जिंकतं ते रूनमुळे. जादू तलवारीत नसते, तिच्यावर कोरलेल्या रूनमध्ये असते, आणि रून एका शस्त्रावरून दुसऱ्यावर नेता येतो. खर्च रूनच्या किमतीच्या १० टक्के, वेळ एक दिवस. मकबऱ्यातली पेटी उघडली, मीडियम तलवार निघाली, तिच्यावर आगीचा रून आहे. ज्याची लार्ज तलवार पाठीवर आहे तो पुढच्या मुक्कामी तो रून आपल्या तलवारीवर चढवून घेतो. ३.५ मध्ये ज्याने मोबाइल काढला असता तो इथे लुटीच्या यादीत पहिला हात वर करतो. डाइसबद्दल एक अक्षर न बदलता मोठ्या कॅरेक्टरचा सगळा वनवास एका नियमाने संपला.

तक्रार एकच, आणि ती हौशीची आहे. जायंट इन्स्टिंक्ट न घेता, नुसतं एखाद्या लढाईपुरतं, पडलेल्या राक्षसाची कुऱ्हाड उचलून त्याच्याच भावाच्या टाळक्यात घालायची मजा या खेळात नाही. उचललीत तर फक्त तुम्ही गबाळे दिसता. ३.५ मध्ये -२ घेऊन का होईना काहीतरी व्हायचं.

म्हणून घ्यायचं काय? तुमच्या गटात हिशेबाचा कंटाळा नसलेले लोक असतील आणि तुम्हाला सेंटॉरपासून कोलॉसल ड्रॅगनपर्यंत सगळ्यांना चिलखत शिवायचं असेल, तर ३.५. त्याचे मूळ नियम मुक्त परवान्याखाली आहेत, त्यामुळे वाचायला पैसे लागत नाहीत. फक्त लुटीचा तक्ता फाडून टाका आणि जादुई शस्त्र सापडलं की ते कोणाच्या मापाचं हे स्वतः ठरवा. एका खेळाडूला मोठी तलवार हवीच आहे आणि बाकी कोणाला त्याचा जाच नको असेल, तर डोळे मिटून पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती. तिचेही नियम फुकट वाचता येतात. पाचवी आवृत्ती आधीच खेळत असाल तर केवळ एका तलवारीसाठी खेळ बदलू नका.

पाचवीसाठी मी टेबलावर काय चालवते ते लिहून थांबते. एक पायरी मोठं शस्त्र कोणीही उचलावं. दुप्पट डाइस नाहीत, मूळ डाइसपैकी एकच जास्तीचा: ग्रेटस्वर्ड २डी६ ची ३डी६, ग्रेटअ‍ॅक्स १डी१२ ची २डी१२. कुऱ्हाड इथे पुढे जाते, जाऊ दे. डिसअ‍ॅडव्हांटेज पाथफाइंडरसारखा पक्का: रेकलेसने, स्पेलने, कशानेही खोडला जात नाही. ताकद २० असेल तर डिसअ‍ॅडव्हांटेजऐवजी अटॅकवर -२ घ्यायची मुभा. दोन पायऱ्या मोठं शस्त्र फक्त ओढत न्यायचं. लार्ज चिलखत चौपट किमतीला, घोड्याच्याच भावाने, आणि करून द्यायला मोठ्या शहरातला लोहार हवा. सापडलेलं मोठं शस्त्र विकायला गेलात तर अर्धी किंमतही मिळणार नाही, लोखंडाच्या भावाने जाईल. हो, आणि पाठीवर लार्ज ग्रेटस्वर्ड बांधून चोरपावलांनी जाणाऱ्याला स्टेल्थवर डिसअ‍ॅडव्हांटेज. यावर अजून दर सेशनला वाद होतो.